मराठीत लिहिलेला अर्ज

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर तिकडे मराठी मुलखाबरोबर गेलं आणि आमचा सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा मध्यप्रदेशातच राहिला. आमच्या गावच्या पालिकेत मराठी अर्ज घेईनासे झाले. मी तेव्हा पंचविशीतला, डोक्याने तापट. पालिकेच्या पायरीवर ठाण मांडून बसायचो आणि येईल त्याला मराठीतच अर्ज लिहून द्यायचो. बाबू अर्ज परत करायचा, मी पुन्हा आत नेऊन टाकायचो. लोकांना या हट्टाचं भारी कौतुक. त्याच कौतुकावर मी पालिकेत मेंबर म्हणून निवडून आलो.

वर्षाच्या आत माझी जीभ बदलली. छिंदवाड्याहून जिल्ह्याचे साहेब यायचे, त्यांच्यापुढे आपण गावंढळ दिसू नये म्हणून मीही हिंदी झाडू लागलो. घरी बायको चिडवायची, "आता भाकरीसाठीही आवेदन द्या लागन का जी?" मी नुसता हसायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

एकदा साहेब शेजारी बसलेले असताना नदीकाठच्या वस्तीतली एक म्हातारी आली. तिथल्या बायका उन्हाळाभर वाळूत खड्डा खणून वाटीवाटीने पाणी भरायच्या. वस्तीला नळ हवा होता. तिने पुढे केलेला कागद मी एका नजरेत परत सरकवला. "हिंदीत लिहून आण, माय."

"तुमीच तं लिहून देला होता, भाऊ," ती म्हणाली. "तवा बाबूनं वापस केला. आता तुमीच आत बसून राहिले, म्हणून घेऊन आली."

मी कागद नीट पाहिला. अक्षर माझंच होतं. खाली तिचा अंगठा.

"क्या बात है?" साहेबांनी विचारलं.

"कुछ नहीं साहब. आवेदन ठीक नहीं है."

तिला तेवढं हिंदी कळलं. तिने कागद उलटसुलट करून पाहिला आणि हळूच विचारलं, "माहा अंगठा चुकला का, भाऊ?"

मी हो म्हणालो.

त्या संध्याकाळी मी स्वतः हिंदीत अर्ज लिहून तिच्या घरी गेलो. या खेपेला तिने अंगठा फार जपून, श्वास धरून उमटवला. पुढे नळ बसला आणि तिने सगळ्यांसमोर मला हात जोडले. पहिला अंगठाही बरोबरच होता, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.