गाईने चाटलेलं पुस्तक

भुताखेतांच्या गोष्टी घेऊन येणाऱ्याला मी नेहमी दुकानातून वाटेला लावत आलो. आता मीच एक घेऊन बसलोय. हसायचं तर हसा... वाद घालायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

लढाईचे दिवस होते. जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला आमचं घर, ओसरीवर माझं बुक-बाइंडिंगचं दुकान. त्या हिवाळ्यात माझी एकुलती मुलगी बाळंतपणात गेली. नात मागे राहिली. तिला शेळीचं दूध पचेना. सगळी भिस्त आमच्या गाईवर. आणि त्याच आठवड्यात गाईचं वासरू मेलं. एरवी अशा वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवतात, ती चाटते आणि पान्हा सोडते. पण आम्ही दुःखात. कातडं ठेवून घ्या म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. मेलेली जनावरं नेणाऱ्यांनी वासरू ओढून नेलं आणि गाय पान्हा चोरू लागली. पोर रडून रडून निळी पडायची.

धुळ्याच्या एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांचं पुस्तक तेव्हा माझ्याकडे दुरुस्तीला होतं. शेकडो वर्षांचं, परदेशी, वासराच्या पांढऱ्या कातड्यात बांधलेलं – कमावलेलं चामडं नव्हे, नुसतं ताणून वाळवलेलं. आपल्याकडच्या उन्हाने ते आक्रसलं होतं. बायको म्हणाली, "वासरानं कातडं शे ते. घरमा नका आनू." म्हणून मी ते कातड्याचं वेष्टण पुस्तकापासून सोडवलं, ओलसर फडक्यात नरम केलं आणि अंगणात सावलीला फळीवर ठेवलं.

गाईने दावं ताणलं आणि वेष्टण चाटायला लागली. मी ओरडत धावलो – पाद्रीबाबांना आता काय तोंड दाखवू!

"हात लावू नका!" बायको कासेकडे बघत होती. "पान्हा उना!" खरंच, गाईला पान्हा फुटला होता.

तुम्ही म्हणाल, चिकटवायच्या खळीचा वास असेल, मिठाची चव असेल. मीही तेच म्हटलं. दुसरं चामडं खळ-मीठ लावून पुढे केलं. तिने हुंगलंसुद्धा नाही. हे वेष्टण मात्र रोज चाटायची. इतक्या ओलीने ते सडायला हवं होतं... उलट सपाट, मऊ होत गेलं. आणि भर थंडीत सकाळी हात लावला की कोमट लागायचं.

पाद्रीबाबा पुस्तक न्यायला आले. बायकोने पोर त्यांच्या पायाशी ठेवली. "आते नका लई जा, बाबा. पोर मरी जाई."

त्यांनी वेष्टणावर तळहात ठेवला, बराच वेळ. मग नुसती पानं कापडात गुंडाळून घेतली आणि म्हणाले, "तिला दात येऊ द्या."

नातीने भाकरीचा पहिला घास गिळला, त्याच सकाळी गाईने वेष्टणाकडे पाठ फिरवली. मी हात लावला – गार. पुन्हा तिने त्याला कधी तोंड लावलं नाही. धुळ्याला जाऊन मी ते पुस्तकावर चढवून दिलं.

उलगडा मला आजही झालेला नाही, आणि शोधत बसायची उमेदही नाही. कुठल्या परमुलखात कधीकाळी मेलेलं ते वासरू... त्याला इतक्या वर्षांनी कुणीतरी चाटलं, म्हणून माझी नात जगली, एवढंच मी सांगू शकतो. मुलगी गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं. वेष्टण गार लागलं त्या सकाळी मात्र मी गोठ्यात बसून पोटभर रडलो.