कापसातला शेवटचा अल्बम

आमच्या बैठकीच्या खोलीत एका रॉक बँडचा शेवटचा अल्बम तयार झाला आणि त्यात मी आहे. ही गोष्ट मी माहेरी अजून सांगितलेली नाही.

दारव्ह्याजवळचं आमचं गाव. त्या वर्षांत कापसाचे भाव असे पडले होते की विकायचं कोणी नाव काढेना. मागच्या वर्षीचा कापूस घरात पडून होता, त्यावर यंदाचा आला आणि बैठक आढ्यापर्यंत भरली. पाहुण्यांना स्वयंपाकघरात पाटावर बसवायची वेळ आली. शेवटी वैतागून मी व्यापाऱ्याला सांगून ठेवलं, "भाव जरा हलला की गाडी पाठवा. विचारत बसू नका."

नितीन, माझा धाकटा दीर, एके दिवशी त्या कापसात डोकं खुपसून ओरडला आणि खुशीत बाहेर आला.

"वहिनी, आवाज वापसच येत नाही."

"मग बरंच आहे. तिथंच राहा."

"अवो, स्टुडिओ म्हणतात याले. पुण्याले लोक भिंतीले गाद्या लावतात."

नितीनचा तीन जणांचा बँड होता. तो गिटार वाजवायचा. गावातलाच मिलिंद गायचा, म्हणजे म्हैस हरवल्यासारखा एकाच सुरात हाका मारायचा. सलीमचं दारव्ह्याला गॅरेज; तो ट्रॅक्टरच्या चाकांच्या लोखंडी रिमा पान्यानं बडवायचा. (याला प्रायोगिक म्हणतात, असं मला सांगण्यात आलं.) आता मिलिंदला गडचिरोलीकडे शिक्षकाची नोकरी लागली होती आणि रविवारी तो निघणार होता. म्हणजे बँड संपला.

"जाता जाता एक अल्बम झाला पायजे वहिनी," नितीन म्हणाला. "नाही तर आमी काही केलं होतं, हे कोणालेच समजणार नाही."

एरवी टवाळक्या करणारं पोरगं, त्याचा चेहरा इतका उतरला की मी हो म्हणून बसले.

तिघांनी कापसात बोगदा खणून आत बैठक मारली. जुन्या कापसानं अंगाला कशी खाज सुटते ते आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं, पण कलावंतांना कोण सांगणार? दुसऱ्याच गाण्यात सलीम एका हातानं वाजवत दुसऱ्या हातानं पाठ खाजवू लागला.

"सलीमभाऊ, ताल चुकून राह्यला तुमचा."

"ताल बरोबर हाय भाभी. खुजलीचा ताल अलग हाय."

मी त्यांना कापूर घातलेलं खोबरेल तेल दिलं. अल्बमला माझी ही पहिली मदत.

रविवार उजाडला. शेवटचं आणि सगळ्यात लांब गाणं उरलं होतं. मिलिंदनं हाक लावली आणि दारात ट्रक येऊन उभा राहिला. भाव हलला होता. आणि विचारत बसू नका, हे मीच सांगितलं होतं.

"गाडी आत्ताच भरा लागते बाई," हमालांचा म्होरक्या देवराव म्हणाला. "दारव्ह्याले मार्केटात नंबर लावून हाय. हुकला तं कापूस घरातच राह्यते."

बोगद्यातून नितीनचं डोकं बाहेर आलं. केसांत सरकी. "वहिनी, गाणं अर्ध्यात हाय. मिलिंद्याची एसटी पाचले हाय."

मी व्यवहारी बाई. तिथल्या तिथं तोडगा काढला. बँड मागच्या भिंतीकडून वाजवेल, हमाल दाराकडून कापूस काढतील आणि कोणीही तोंड उघडणार नाही.

"बोलल्याबिगर गठ्ठा उचलत नाही जी," देवराव म्हणाला. "जोर कुठून आणाव?"

"मनात बोला."

हमाल मनात बोलत राहिले. कापूस कमी होत गेला तसा आतून मऊ मऊ येणारा आवाज मोकळा होत गेला, मग टणटणायला लागला. शेजारची बकरी गाण्यात आली. बोगदा ढासळला आणि मिलिंद कापसाखाली गेला, पण पठ्ठ्यानं सूर सोडला नाही. सुराच्या अंदाजानंच हमालांनी त्याला उकरून काढलं. "जित्ता हाय," एक जण म्हणाला. तेही गाण्यात आलं. शेवटी वर पत्रे, खाली रिकामी खोली आणि रिमांचा असा घणघणाट की मांडणीवरची भांडी साथीला लागली.

आणि तेव्हा मला आठवलं. दाराजवळच्या कापसात मी सीताफळं पिकायला खुपसून ठेवली होती. तो कापूस आता ट्रकवर होता आणि त्यावर उभे राहून दोन दांडगे हमाल तो तुडवत होते. मी स्वतःचाच नियम विसरून धावले.

"थांबा! सीताफळं हायेत माझे त्याच्यात. तुडवू नका!"

बँडच्या दोन माइकांपैकी एक दाराजवळच होता. तोही त्याच गठ्ठ्यातून ट्रकवर चढला होता, आणि सलीमनं गॅरेजमधल्या तारा जोडून केलेली वायर रस्त्यापर्यंत आरामात पुरली होती.

"पुन्हा घेऊ," नितीन म्हणाला. घेणार कुठे? स्टुडिओ दारव्ह्याला निघाला होता. एसटी चुकल्यामुळे मिलिंदही त्याच स्टुडिओवर बसून गेला, खाजवत. झालं तेच शेवटचं गाणं ठरलं. नितीननं सीडी काढून ओळखीच्या-अनोळखी लोकांना पाठवल्या आणि वाट बघत बसला.

काही महिन्यांनी पुण्याहून फोन आला. नितीन घरी नव्हता, मी घेतला. गृहस्थ संगीतातले जाणकार वाटले.

"शेवटी हाक मारणाऱ्या बाई कोण?"

"मीच."

"अहो, काय आर्तता! सगळ्या कापूसपट्ट्याचं दुःख त्या हाकेत आहे. सीताफळाचं प्रतीक आपलंच?"

"आमचंच. परसातल्या झाडाचं."

"आणि 'तुडवू नका' म्हणजे...?"

"अजून पिकली नव्हती हो."

पलीकडे त्यांनी माझे शब्द पुटपुटत लिहून घेतले. मग म्हणाले, "वा."

नितीनला हे सांगितलं तर त्याला आनंदानं जेवण जाईना. आता तो म्हणतो, वहिनी गाणार असेल तर बँड पुन्हा उभा करू. मी मात्र तेव्हापासून सीताफळं तांदळाच्या डब्यात पिकवते. तिथून तरी माझा आवाज पुण्यापर्यंत जाणार नाही.