पोथीला दाखवलेलं ऊन

माझा स्वभाव धास्तीचा आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी कोपऱ्यावरून घरी परत येते आणि तो बंदच असतो. अशा बाईच्या ताब्यात युरोपातल्या मध्ययुगीन ख्रिस्ती पोथ्या द्याव्यात, हा ज्याचा कुणाचा विनोद असेल त्याला माझा नमस्कार.

आमचं वाचनालय नांदुऱ्याच्या बाजूचं, साधंच. पुढच्या खोलीत स्पर्धा परीक्षेवाली मुलं आणि मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट. कपाटाच्या वरच्या फळ्यांवर गावातल्या घरांमधून आलेल्या जुन्या मराठी पोथ्या आहेत. खालची फळी बाईंची. बाई म्हणजे मला शाळेत शिकवणाऱ्या मिशनच्या शिक्षिका. आता त्या निवृत्त होऊन खामगावला भाचीकडे राहतात. एक परदेशी पाद्री मायदेशी जाताना आपल्या पोथ्या बाईंच्या आजोबांना देऊन गेला होता. घरात वाळवी लागली तेव्हा बाईंनी त्या रिक्षात घालून माझ्याकडे आणल्या. "तू घाबरट आहेस, म्हणून तुझ्याकडेच ठेवते," असं म्हणाल्या होत्या.

त्यात धर्मशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ आहे. त्याच्या समासात कुणीतरी मुंगीएवढ्या अक्षरांत टिपा लिहिल्यात आणि महत्त्वाच्या ओळींसमोर बोट दाखवणारा हात काढलाय. काही सुटी पानं आहेत. आणि एक तळहाताएवढी प्रार्थनेची पोथी. सगळं हातानं लिहिलेलं, लॅटिनमधलं आणि कमावलेल्या कातड्यावरचं. लॅटिन मला ओ का ठो कळत नाही. पण त्या छोट्या पोथीत मरियेचं एक चित्र आहे, निळ्या वस्त्रातलं, कडेनं सोनं लावलेलं. तिच्या पायांपाशी रंग पुसट झालाय. आपल्याकडे देवळातल्या मूर्तीचे पाय गुळगुळीत होतात, तसं. कोण कुठली माणसं त्या पायांवर बोट टेकवत आली असतील. शेवटी बाईंची आई, आणि मग बाई. महिन्यातून एकदा त्या यायच्या, पोथी उघडायच्या, पायांवर बोट टेकवायच्या आणि चहा पिऊन परत जायच्या. पोथीची पितळी कडी कधीच तुटलेली होती, म्हणून मी ती सुती नाडीनं बांधून ठेवायची.

आमच्याकडे गणपती झाले की पोथ्यांना ऊन दाखवतात. धान्याला, गाद्यांना दाखवतात तसंच. पावसाळ्याची ओल जाते, कसर मरते. आमच्या वाचनालयातल्या मावशी, वडनेर भोलजीहून येणाऱ्या, हे काम दरवर्षी मनापासून करतात. त्या वर्षी नेमकं माझं बुलडाण्याला प्रशिक्षण निघालं. कपाटाची किल्ली मी मावशींकडे ठेवली आणि खालच्या फळीबद्दल बोलायचं मला सुचलंच नाही, कारण तोवर दरवेळी वरच्याच पोथ्या निघायच्या.

परत आले तेव्हा दुपार टळत होती. गच्चीवर सतरंजी, सतरंजीवर ओळीनं पोथ्या, आणि शेवटी ती छोटी पोथी. तिची पानं पापडासारखी वाकून वर आली होती. मी पळत जाऊन ती उचलली. ती तापली होती. मिटायला गेले तर मिटेना.

"काऊन वो मॅडम, काय झालं?" मावशी म्हणाल्या. "खालच्या फळीले वास येऊन राह्यला होता. म्हटलं, एक दिवस याईले बी ऊन दाखवावं."

"मावशी, हे कातडं आहे!"

"कातडं? मले वाटलं जाडा कागद हाय." मग माझा चेहरा बघून त्या घाबरल्या. "इस्त्री फिरवू का हलक्या हातानं?"

मी त्यांच्यावर ओरडले. इतकी ओरडले की खालची मुलं वर बघायला आली. मोठा ग्रंथ जाड लाकडी पुठ्ठ्यांमुळे वाचला होता, सुटी पानं मावशींनी बाहेर काढलीच नव्हती. बिघडली होती ती नेमकी हीच.

हस्तलिखितांच्या कार्यशाळेत शिकवायला आलेल्या मुंबईच्या एका सरांना मी फोन लावला. ते म्हणाले, दाबू नका, पाणी लावू नका, इस्त्रीचं तर नावही काढू नका. कातडं कोरडं पडलं की आखडतं, म्हणून तर त्या काळी अशा पोथ्यांना कड्या लावायचे. दमट हवेत ठेवा, हळूहळू सैल होईल. पूर्ववत होईल का, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, "बघू या." डॉक्टर असं म्हणाले की आपण काय समजायचं ते समजतोच.

मागच्या खोलीत मी कूलर लावला. हवा थेट लागू नये म्हणून पोथी लांबच्या टेबलावर ठेवली आणि दर थोड्या वेळानं आत जाऊन बघत बसले. आणि त्याच आठवड्यात बाईंच्या भाचीचा फोन आला. बाईंना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, दवाखान्यातून घरी आणलं होतं. "पोथी पोथी करून राह्यली आत्या," भाची म्हणाली. "रविवारी आणता का? डॉक्टरनं काही सांगितलं नाही, पण मले भेव वाटते."

मला तर भेव आधीपासूनच वाटत होतं. आता जेवण जाईना. एवढ्या वर्षांत बाईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी अशी घेऊन जाणार होते. कूलरनं पानं थोडी नरमली, पण पोथी मिटेना. मरियेच्या पानापाशी ती हट्टानं उघडीच राहायची. नाडीनं आवळून न्यावी, बाईंना कळणारही नाही, असं दहा वेळा मनात आलं. नाडी मी पर्समध्ये टाकलीसुद्धा. पण आवळलं तर रंग उडतील, ही दुसरी धास्ती होतीच.

रविवारी मावशी आपणहून स्टँडवर आल्या. "तुमी काई सांगू नका, म्या सांगतो," म्हणाल्या. खामगाव येईपर्यंत मी मांडीवर खोकं धरून मनात वाक्यं जुळवत होते. हवामान, आर्द्रता, कातड्याचा गुणधर्म, असलं काहीबाही.

बाई उशांना टेकून बसल्या होत्या. किती लहान दिसत होत्या. उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा. समोर त्यांचं नेहमीचं मराठी प्रार्थनेचं पुस्तक होतं, आणि ते मिटू नये म्हणून पानांत चष्म्याचं घर खुपसलं होतं. आम्ही आत शिरलो तेवढ्यात ते घर निसटलं आणि पुस्तक फट्कन मिटलं. बाईंनी डाव्या हातानं उघडायला बघितलं, पण एका हातानं धरायचं की पान उलटायचं? भाची धावली. "दिवसभर हेच चालू हाय," ती हळूच म्हणाली.

माझी वाक्यं सुरू व्हायच्या आत मावशी पलंगापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि एका दमात म्हणाल्या, "बाई, तुमची पोथी म्या उन्हात वाळवली. बिघडली. ते मिटतच नाई आता. मॅडमची चुकी नाई."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. शाळेत गृहपाठ न केल्यावर बघायच्या, अगदी तशाच. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. खोक्यातून पोथी काढली, त्यांच्या मांडीवरच्या उशीवर ठेवली आणि हात काढून घेतला.

पोथी उघडीच राहिली. वाकलेल्या पानांमध्ये मरियेचं चित्र बाईंकडे तोंड करून होतं. बाईंनी डावं बोट सावकाश नेलं आणि पायांवर टेकवलं. मग उचललं. पान हललं नाही. त्यांनी पुन्हा टेकवलं. अर्धंच तोंड हसलं.

मी नेहमीप्रमाणे घाई केली. म्हणाले, "बाई, अजून प्रयत्न करते. सरांनी सांगितलंय, हळूहळू मिटेल."

"नको," बाई जड जिभेनं, एकेक शब्द वेगळा काढत म्हणाल्या. "मी आहे तोवर नको. हिला धरायला कोणाला हाक मारावी लागत नाही."