मशेरी सुटली ते वर्ष

मी मशेरी लावायचे. अकरा वर्षांची असताना दाढ दुखत होती, म्हणून आईनं माझ्या बोटावर चिमूटभर काळी पूड ठेवली आणि म्हणाली, "हिरडीला चोळ, राहील दुखायचं." दाढ दुखायची राहिली, पण बोट पुढं जवळजवळ पन्नास वर्षं थांबलं नाही.

तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरून बारीक करायची आणि दातांना, हिरड्यांना चोळायची, एवढंच ते. सोलापूरकडच्या आमच्या गावात बायका याला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. मी मात्र गावच्या शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे मला ते काय आहे हे पक्कं ठाऊक होतं. मुलांना ओळीत उभं करून 'मी तंबाखू खाणार नाही' अशी शपथ मीच द्यायचे. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या संडासात जाऊन मशेरी लावायचे आणि चूळ भरून, बडीशेप तोंडात टाकून वर्गावर यायचे. आमच्या ह्यांना माहीत होतं. ते कधी बोलले नाहीत. बाजारच्या दिवशी पिशवीत भाजीखाली तंबाखूची पुडी असायची, तेवढंच.

मुलाला कधी कळू दिलं नाही.

मी निवृत्त झाले आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत हे गेले. दोन महिन्यांनी मुलगा मला चेन्नईला घेऊन आला. तांबरमला त्याचा पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. तो इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात आहे, गाड्यांचे सुटे भाग करतात तिथं. सकाळी साडेसहाला कंपनीची बस. आठला सून गाडी धरून शहरातल्या बँकेत जायची. आठ ते संध्याकाळी सात मी आणि ते घर.

गावाकडून आणलेला मशेरीचा डबा साड्यांच्या घडीत होता. गावात दिवसातून तीनदा लावायचे, इथं सहा-सात वेळा व्हायला लागलं. चहा झाला की, कपडे वाळत घातले की, जेवण झालं की. बरं, घरात कुणी नसतानाही मी बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावायचे. कुणापासून लपवत होते, देव जाणे.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक तमिळ आजी होत्या. सत्तरीच्या असाव्यात. त्याही लेकीकडे राहायच्या. दुपारी चारला दारासमोर खुर्ची टाकून वाऱ्याला बसायच्या आणि स्टीलच्या डब्यातून पान काढून लावायच्या. पहिल्यांदा मला बघून त्या म्हणाल्या, "साप्टिंगळा?" म्हणजे जेवलात का. एवढं तमिळ मुलानं मला शिकवलं होतं. मी "साप्टेन" म्हणाले आणि माझी खुर्ची बाहेर आणली.

त्यानंतर रोज चारला आम्ही बसायचो. त्या तमिळमध्ये बोलायच्या, मी मराठीत. त्यांना माझं कळत नव्हतं ते एका परीनं बरंच होतं. ह्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी मुलाशी बोलले नाही, सुनेशी नाही, पण त्या आजींना सगळं सांगितलं. त्या मान हलवायच्या. पानात घालायची तंबाखू दाखवून म्हणायच्या, "पोयलै." मला तो वास ओळखीचा. माझा डबा तळाला लागला होता. एके दिवशी मी हात पुढं केला. त्या हसल्या आणि तंबाखूची चांगली मूठभर पानं माझ्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सुनेचा पोळ्यांचा तवा घेऊन मी ती भाजायला बसले. गावात मशेरी अंगणात भाजतात. बंद फ्लॅटमध्ये तो धूर कुठं जाणार? दारावर धपाधप थापा पडल्या. तव्यावर ताट झाकून मी दार उघडलं. मजल्यावरचे चार जण, खालचा सिक्युरिटीवाला, सगळे नाकाला रुमाल लावून उभे. कुणीतरी मुलाला फोन केला. तो हातातलं काम सोडून धापा टाकत आला.

"आई, काय जळलं?"

"मिरच्या भाजत होते रे. लक्ष नव्हतं."

त्यानं पंखे लावले, खिडक्या उघडल्या, मला पाणी दिलं. "तुला एकटीला ठेवायला भीती वाटते आता," म्हणाला. त्याचा चेहरा बघून मला लाज वाटली. पण तो परत गेल्यावर मी तवा घासला आणि भाजलेली मशेरी डब्यात भरली.

पुढच्या महिन्यात डाव्या गालाला आतून तिखट झोंबायला लागलं. सुनेच्या लक्षात आलं की मी आमटीसुद्धा पाणी घालून खातेय. तिनंच दातांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि मुलानं रजा टाकली. बाई वयानं तरुण होत्या. दिवा लावून गाल ओढून बराच वेळ बघितलं, मग मुलाला जवळ बोलावून दाखवलं. आरशात मलाही दिसलं. हिरडी आणि गालाच्या मध्ये पांढरा चट्टा, रुपयाएवढा. बाई मुलाशी इंग्रजीत बोलल्या. मला जेवढं कळायचं तेवढं कळलं.

मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तू तंबाखू खातेस का, असं विचारताहेत."

"खात नाही," मी म्हणाले. मग बाईंनी तोंडात ठेवलेला कापसाचा बोळा तसाच असताना म्हणाले, "लावते."

"म्हणजे?"

"मशेरी."

त्यानं ते बाईंना इंग्रजीत कसं सांगितलं मला माहीत नाही. चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. बाई म्हणाल्या, रिपोर्ट काहीही येवो, हे आजपासून बंद.

रिक्षा घराच्या वळणावर आल्यावर तो बाहेर बघत म्हणाला, "मिरच्या नव्हत्या तर."

"नव्हत्या," मी म्हणाले.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण सोडलं नाही तर होऊ शकतो, असं बाईंनी समजावलं. ते आठ दिवस मी आधीच सोडून बसले होते. दवाखान्यातून आले त्याच संध्याकाळी डबा ओल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकून सुनेच्या हाती दिला. तिनं पिशवी न उघडता गाठ मारली आणि खाली नेली. त्या पोरीनं एक शब्द विचारला नाही, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

सोडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. डोकं सकाळपासून भणभणायचं. पोट साफ होईना, कारण मशेरी लावल्याशिवाय ते कधी झालंच नव्हतं. चहाला चव नाही. हातातली वाटी पडली तरी रडू यायचं. सून प्रेमानं लवंगा, बडीशेप, सुकवलेला आवळा डब्यांत भरून ठेवायची, आणि मला त्या डब्या भिरकावून द्याव्याशा वाटायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी लिफ्टनं खाली गेले आणि कचऱ्याच्या पिंपांपाशी उभी राहिले. पिंपं रिकामी, धुतलेली होती. सिक्युरिटीवाल्यानं तमिळमध्ये काहीतरी विचारलं. काही हरवलंय का, असंच असेल. मला तमिळ येत नव्हतं, आणि आलं असतं तरी काय सांगणार होते? साठी उलटलेली बाई, शाळेत शपथ देणारी, पिंपात वाकून बघतेय. मी वर आले, दार लावलं आणि तोंडावर पदर घेऊन पडून राहिले. घरात फक्त फ्रिजचा आवाज.

सगळ्यात अवघड होती दुपारची चारची वेळ. समोरचं दार उघडलं की तंबाखूचा वास फटीतून आत यायचा आणि तोंडाला पाणी सुटायचं. मी बाहेर जाणं बंद केलं. दोनदा आजींनी बेल वाजवली. मी दाराच्या आत उभी होते. त्या थोडा वेळ थांबल्या, मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. या शहरात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि त्यालाच मी दार उघडत नव्हते.

रविवारी मुलाला म्हणाले, "मला एक वाक्य तमिळमध्ये लिहून दे. मी तंबाखू सोडली, असं."

त्यानं कागदावर आपल्या लिपीत लिहून दिलं. 'नान पोयलै विट्टुट्टेन.' मी शाळेतल्या पोरांसारखी ते घोकत बसले.

सोमवारी चारला बाहेर गेले. आजींनी नेहमीप्रमाणे डबा उघडून पुढं केला. मी वाक्य म्हटलं. चुकलं असेल कुठंतरी, कारण त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. मग त्या "अप्पडिया?" म्हणाल्या, असं होय, आणि डबा आत ठेवून आल्या. आम्ही बसलो. पण दहा मिनिटांत त्यांचा जबडा रिकामाच हलायला लागला. मला ते कळत होतं, माझ्याइतकं कुणाला कळणार? त्या उठल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेल्या. तेव्हापासून त्या पान खाऊन, चूळ भरूनच बाहेर येतात. बसणं पूर्वीसारखं तासाचं राहिलं नाही. दहा-पंधरा मिनिटं, कधी तेवढंही नाही.

ह्यांच्या वर्षश्राद्धाला मी गावी गेले. मुलाला रजा एकाच दिवसाची होती, विधी उरकून तो परतला, मी आठ दिवस राहिले. मनात होतं की एकदा गावात गेलं की बरं वाटेल. पहाटे उठून अंगणात गेले. धाकटी जाऊ, शेजारच्या दोघी, पायरीवर बसून तोंडात बोट घालून गप्पा मारत होत्या. मी त्यांच्यात बसले. जावेनं डबी पुढं केली.

"घ्या की अक्का."

"नको गं. सोडली."

"श्राद्धाला आलाय, म्हणून सोवळं?"

"नाही. कायमची."

"मद्रासच्या झाला की ओ तुम्ही!" ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. वाईट हेतूनं नव्हे. मग त्या बोलत राहिल्या, थुंकायला उठत राहिल्या, पुन्हा बसत राहिल्या. माझे हात मांडीवर नुसते पडले होते. मशेरी लावताना जे अर्धवट, तोंडातल्या तोंडात बोलणं चालतं, त्यात मला शिरताच येईना. पन्नास वर्षं मी त्याच पायरीवरची होते. थोड्या वेळानं भांडी घासायच्या निमित्तानं मी उठले. कुणी थांबा म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा उठले.

आठ दिवसांत एकदाच हात डबीपर्यंत गेला. जाऊ शेतात गेली होती, डबी चुलीशेजारी कोनाड्यात होती. झाकण उघडलं, वास घेतला, बराच वेळ. मग झाकण लावलं. त्यात शौर्य काही नव्हतं. मला वाटलं, आज इथं लावली तरी चेन्नईला पुन्हा बाथरूमची कडी लावून एकटीच, कुणाबरोबर बसणार?

चेन्नईच्या सेंट्रल स्टेशनवर मुलगा घ्यायला आला होता. त्यानं बॅग घेतली, प्रवास कसा झाला विचारलं. तांबरमच्या गाडीत बसल्यावर मी आपणहून म्हणाले, "लावली नाही मी तिथं."

"मी विचारलं नाही, आई."

"माहीत आहे. मीच सांगतेय."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली.

चट्टा आता निम्म्याहून कमी झालाय. दर तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई दिवा लावून बघतात आणि अंगठा दाखवतात. डोकं दुखत नाही, चहाला चव आलीय, आमटीत पाणी घालावं लागत नाही. दुपारी जेवण झालं की जीभ अजून आपोआप हिरडीवरून फिरते. फिरू देते. मग ताट घासते, खिडकी उघडून बसते. संध्याकाळचे सात वाजायला खूप वेळ असतो.