प्रेसखालची हाक

माझा दादा सिनेमातला मेकअपमन. यंत्रांच्या खडखडाटावर बांधलेल्या एका रॉक अल्बमसोबतच्या शॉर्ट फिल्ममध्ये त्याने पत्रा दाबायच्या प्रेसखाली चिरडलेला माणूस दाखवला आणि सगळीकडे बोंब उठली. ‘असलं घाणेरडं सुचतं तरी कसं?’ म्हणे. सुचतंय कसलं, डोंबल! बाबा कारखान्यात प्रेसखाली सापडले, तेव्हा दादाही तिथेच कामाला होता, शेजारच्याच मशीनवर. नटाने मरता मरता ‘अगं ए, लवकर ये गं’ अशी हाक कशी मारायची, तेही त्यानेच शिकवलं.

आईपासून आम्ही ती फिल्म लपवली, पण शेजारणीने मोबाइलवर दाखवलीच. आईने ती शेवटपर्यंत पाहिली. दादा घरी आल्यावर तिने त्याचं ताट वाढलं आणि एवढंच म्हणाली, “तू तर म्हणाला होतास, हे जागीच गेले.”