अर्धविरामाने सभा उठवली

आपल्याच हाताने आपलं हसं कसं करून घेतलं, ते काय सांगू तुम्हाला! कुणाची सभा दगडफेकीने उठते, कुणाची पावसाने. मी ती अर्धविरामाने उठवली.

आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत ज्येष्ठ नागरिकांचा संघ आहे. आधीचे सचिव मुलीकडे पुण्याला गेले आणि खुर्ची रिकामी झाली. अध्यक्ष आप्पासाहेब मला म्हणाले, "नाना, वार्षिक सभेत माझ्या मनोगतात तुमचं नाव सुचवतो. तेवढं काहीतरी आधुनिक करून दाखवा."

माझी सून शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिच्यापुढे मी बेसिक शिकायला बसलो. बेसिक म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम सोडायची बालवाडीतली भाषा. पडद्यावर ओळ हवी की 'प्रिंट' लिहायचं आणि पुढे अवतरणचिन्हांत मजकूर. दर ओळीला नवा प्रिंट. इतकं सोपं! मी ठरवलं, सभेत मोठ्या पडद्यावर मेनू झळकवायचा. म्हणजे पर्यायांची यादी. आकडा दाबा, त्याची माहिती उघडेल.

"मेनूत वडे आहेत का?" बायकोने विचारलं. हा खायचा मेनू नव्हे, हे पटवण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

पर्याय चार, प्रत्येकाआधी त्याचा आकडा: भजन, इगतपुरी सहल, अध्यक्षांचे मनोगत आणि प्रोग्राम बंद करायला 'बाहेर पडा'. सूनबाई म्हणाली, तिथे 'एक्झिट' लिहितात. म्हटलं, मराठी संघात मराठीच!

आता खरी मेख ऐका. मी कचेरीत चौतीस वर्षं मसुदे लिहिले. मसुद्यातला प्रत्येक मुद्दा अर्धविरामाने संपतो, शेवटचा तेवढा पूर्णविरामाने. हाताला तेच वळण. शेवटचा सोडून प्रत्येक प्रिंटच्या शेवटी मी ठसठशीत अर्धविराम ठोकला.

"बाबा, एकदा चालवून पाहिलंत का?" सुनेने विचारलं.

"अगं, मसुदा कुणी चालवून बघतं का? सही करून पुढे पाठवतात!"

सभेला गर्दी झाली. चार वाजायला दोन मिनिटं होती. आप्पासाहेब कागदांची चळत घेऊन उभे राहिले. त्यांचं मनोगत म्हणजे मनात गत वर्षभर जे जे साचलं, ते सगळं. मी बटण दाबलं.

प्रिंटच्या शेवटी अर्धविराम म्हणजे 'ओळ बदलू नकोस, पुढचं इथेच चिकटव', हे मला नंतर कळलं. सगळे पर्याय एकमेकांना चिकटले आणि पडद्याची रुंदी संपली तिथे, नेमकी तीनच्या आकड्यानंतर, ओळ तुटली. खालच्या ओळीत एवढंच उरलं:

'अध्यक्षांचे मनोगत4 बाहेर पडा.'

सभागृहाने एकदम भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मूळचे सटाण्याचे बापू, ऐकायला कमी, बोलायला दणदणीत. ते ओरडले, "हाई काय शे, नाना? मनोगत चारला? भायेर पडा?"

"स्पष्टच तर लिहिलंय!" पर्स उचलत कुलकर्णी वहिनी म्हणाल्या. "पहिल्यांदाच संघाने सभासदांचा विचार केला हो."

"अहो बसा! तो चौथा पर्याय आहे!" मी ओरडलो.

"आमच्याकडे दुसरा पर्यायच कुठे होता इतकी वर्षं?" म्हणत त्या निघाल्यासुद्धा.

दोन मिनिटांत सभागृहात उरलो आम्ही तिघं: आप्पासाहेब, मी आणि पंखा.

"हेच का तुमचं आधुनिक?" त्यांनी कागदांची घडी घालून खिशात कोंबली. त्याच कागदांत माझं नाव होतं हो! माझं सचिवपद डोळ्यांदेखत त्यांच्या खिशात गेलं.

मी तोंड लपवत बाहेर आलो. बघतो तर काय? चहाच्या टपरीवर उत्सव चाललेला! बापूंनी माझा दंड धरला. "सचिव नानाच पाहिजेत! इतक्या वर्षांत कोणाला जमलं नाही, ते या माणसाने एका बटणात केलं!"

मंडळी मला घेऊन पुन्हा आत शिरली. हात वर झाले. एकमत! आप्पासाहेबांनाही अर्धा हात वर करावाच लागला.

माझी छाती फुगली. माइक हातात घेतला. "मित्रहो, माझ्या संगणकज्ञानावर आपण जो विश्वास दाखवलात, त्याबद्दल मला सात मुद्दे मांडायचे आहेत..."

दुसऱ्या मुद्द्यावर होतो. मागच्या रांगेतून वहिनींचा आवाज आला,

"नाना, ते मगाचं पुन्हा पडद्यावर लावता का जरा?"