गुणमालावहिनींच्या बंद दाराआडची वाफ

…तर सुकुमार अण्णा गुणमालावहिनींच्या पडवीच्या पत्र्याच्या फटीला नाक लावून उभे होते, तिथवर आपण आलो होतो. आत काहीतरी बुडबुडत होतं, आणि वास असा उग्र की अण्णांचे डोळे पाणावले. दारूच ही, त्यांनी मनाशी धरलं. आता कडेगावाकडच्या ह्या गावात अण्णा म्हणजे जैन बस्तीचे, म्हणजे मंदिराचे, विश्वस्त. दारू पिणं सोडाच, तिचा वास कसा असतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पण संशय यायला तेवढं पुरलं.

त्यात बस्तीत मुनीमहाराज उतरलेले. त्यांच्या आहारासाठी कुणाच्या घरी चौका, म्हणजे शुद्ध स्वयंपाक, लावायचा, हे अण्णा ठरवत. नवरा भरतेश गेल्यापासून वहिनींच्या घरी चौका लागला नव्हता. यंदा लागावा म्हणून त्यांनी सगळ्यांच्या आधी नाव दिलं होतं. पण दारूच्या घरात महाराजांना न्यायचं कसं? अण्णांनी नाव मागं ठेवलं आणि कारण कुणाला सांगितलं नाही.

तशी वहिनी स्वतःच महासंशयी. गाळलेलं पाणी पुन्हा उजेडात धरून बघणार, एकेक भेंडी उभी चिरून अळी शोधणार, साखर ताटात पसरल्याशिवाय डब्यात भरणार नाही. शेजारणी म्हणत, "हिच्या घरात मुंगीबी चप्पल काढून येती."

आणि हीच बाई हल्ली बांधावर तोडून टाकलेल्या निलगिरीच्या डहाळ्या भारेच्या भारे घरी आणी. त्या दिवसभर भिंतीला उभ्या करी, मग काठीनं ठकठक वाजवून आत नेई आणि दार लावून घेई. खिडकीलाही मच्छरदाणीचं कापड ठोकलेलं. जनावर तोंड लावत नाही तो पाला हिला कशाला? अण्णांना एकेक अर्थ लागत गेला. पाला वास झाकायला, ठकठक गिऱ्हाइकाला खूण, कापड कुणी आत बघू नये म्हणून.

अण्णांनी मिलिटरीतून रिटायर झालेल्या आकारामला गाठलं.

"आकाराम, तुला वास कळतो न्हवं रं?"

"कशाचा?"

"त्याचाच."

"आवं अण्णा, जन्मात पयल्यांदा कुणी माज्या गुणाची कदर केली म्हणायची," म्हणत आकाराम निघाला.

वहिनींनी दार उघडलं, दोघांना आत घेतलं आणि लगेच लावून टाकलं. अण्णांनी आकारामकडे सूचक पाहिलं. चुलीवर मोठा कुकर होता. शिट्टीच्या जागी बसवलेली नळी गार पाण्याच्या बादलीतून फिरून एका बाटलीत उतरली होती. बाटलीत पाणी ठिबकत होतं, त्यावर पिवळसर तवंग. वहिनी तो तवंग इंजेक्शनच्या पिचकारीनं अलगद ओढून घेत होत्या.

आकारामनं बाटलीला नाक लावलं. एकदा, मग दुसऱ्यांदा, जरा आशेनं. त्याचं तोंड उतरलं.

"न्हाई अण्णा. निलगिरीचं त्याल हाय. लय चोख. वहिनी, खोबरेलात मिसळून गुडघ्याला देता का थोडं?"

"देते. पोटात मात्र घेऊ नगासा."

अण्णांचं समाधान होईना. "मग दार का लावता? आन् ती ठकठक कशाची?"

"दार उघडं ठेवलं आन् माशी-चिलट कढत भांड्यात पडलं, तर पाप कुणाला? पाला दिवसभर उभा करते, मुंग्या उतरून जाव्यात म्हणून. ऱ्हातील त्या काठी वाजवून उतरवते."

अण्णा खाली बघू लागले. गावाला अहिंसा सांगणारे ते, आणि हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी एक शंका उरलीच. "पण एवढं त्याल कशापायी?"

"फरशी पुसायला. पाण्यात थोडं टाकलं की मुंगी मरत न्हाई, दुसऱ्या वाटंनं जाती. चौक्यात जेवणात मुंगी निघाली तर महाराज तसंच उपाशी माघारी जात्याल न्हवं? नाव दिलं तवापास्नं हेच करते मी. तुमचं बोलावणं काय येईना."

आकाराम पत्र्याकडे बघत गालातल्या गालात हसत होता. अण्णांनी उपरणं सारखं केलं, घसा खाकरला.

"वहिनी, मला दारूचा संशय आला, म्हणून तुमचं नाव मागं ठेवलं हुतं. उद्याचा चौका तुमच्याच घरी. फक्त एवढी गोष्ट महाराजांच्या कानावर जायला नको."

गुणमालावहिनींनी पिचकारी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "मी आपनहून न्हाई सांगायची, अण्णा. पण नाव मागं का ठेवलं हुतं, असं महाराजांनी इचारलं तर मला खोटं बोलाय लावू नगासा. त्यापरीस तुमीच आदी जाऊन सांगा, मी तवर फरशी पुसून घेते."